शाश्वत पुरवठा साखळीचा अभ्यास करताय? प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेनच्या विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट तपासताना पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास भेटतं: 'भारतात लॉजिस्टिक्सचा खर्च जीडीपीच्या १३ ते १४ टक्के आहे.' थोडं पुढे गेलं की दुसरं: 'देशातला ४० टक्के शेतमाल वाया जातो.' ही वाक्यं इतकी वर्षं एका अहवालातून दुसऱ्यात उतरवली गेली आहेत की ती तपासावीत असं कुणाला वाटतच नाही. एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने केंद्राच्या डीपीआयआयटी या उद्योग विभागासाठी केलेल्या अभ्यासात २०२१-२२ चा लॉजिस्टिक्स खर्च ७.८ ते ८.९ टक्के निघाला, २०२३-२४ चा ७.९७ टक्के. लुधियानाच्या सीफेट संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात फळं-भाज्यांचं काढणीनंतरचं नुकसान पिकानुसार ४.५८ ते १५.८८ टक्के होतं. त्यातलं सगळ्यात जास्त नुकसान पेरूचं.

हा केवळ संदर्भाचा घोळ नाही. ४० टक्के नुकसान धरून तुम्ही कोल्ड स्टोरेजचा परतावा मांडला आणि त्या पिकाचं खरं नुकसान १० टक्के असेल, तर वाचणारा माल चौथ्या हिश्श्यावर येतो आणि अख्खी शिफारस कोसळते. म्हणून आकडा घेताना तीन गोष्टी सोबत लिहा: कोणत्या वर्षाचा, कोणत्या पिकाचा किंवा मालाचा, आणि साखळीच्या कोणत्या टप्प्यापर्यंतचा.

शाश्वतता शेवटच्या प्रकरणात ढकलणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. चार प्रकरणं खर्च, साठा, मार्ग आणि गोडाऊनवर, आणि पाचव्यात झाडं लावा, सौर पॅनल बसवा, कागद कमी वापरा. परीक्षकाला पाचवं प्रकरण न वाचताही कळतं की त्यात काय असेल. पर्यावरणाचा हिशेब पहिल्या चार प्रकरणांतच दडलेला असतो. गाडी किती भरली, किती धावली, किती वेळ उभी राहिली, परत येताना रिकामी होती का, या चार उत्तरांवर ट्रान्सपोर्टरचा नफाही ठरतो आणि धूरही.

समजा, नाशिकहून न्हावा शेव्याला १० टन माल जातो. अंतर २०० किलोमीटर धरू. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देत असेल तर ५० लिटर डिझेल लागलं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे १३४ किलो. एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर, तेव्हा १० टन गुणिले २०० किलोमीटर म्हणजे २,००० टन-किलोमीटर. भागाकार केला की दर टन-किलोमीटरला ६७ ग्रॅम. बहुतेक प्रोजेक्ट इथेच थांबतात.

पण गाडी परत आली कशी? रिटर्न भाडं मिळालं नाही आणि रिकामी गाडी लिटरला ६ किलोमीटरने आली, तर आणखी ३३ लिटर, म्हणजे जवळपास ८९ किलो. एकूण २२३ किलो आणि दर टन-किलोमीटरला साधारण ११२ ग्रॅम. आधीच्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त. काही विद्यार्थी परतीचं डिझेल धरतात, पण भागताना परतीचे किलोमीटरही १० टनांनी गुणून मिळवतात. मग उत्तर ५६ ग्रॅम येतं, म्हणजे रिकाम्या फेरीमुळे गाडी जास्त 'हिरवी' झाली! परतीला माल नव्हता, म्हणून तिथले टन-किलोमीटर शून्य. उत्तर विचित्र वाटलं तर आधी हा भागाकार तपासा.

याच मार्गावर आणखी एक बारकावा आहे. जाताना भरलेली गाडी कसारा घाट उतरते, येताना रिकामी गाडी घाट चढते. पुस्तकातलं सरासरी मायलेज दोन्ही फेऱ्यांना लावून चालत नाही. जाण्याचं आणि येण्याचं डिझेल वेगवेगळं विचारा. चालकाला ते तोंडपाठ असतं.

वाहतुकीचं उत्सर्जन मोजण्यासाठी २०२३ मध्ये आयएसओ १४०८३ हे मानक आलं. त्यात रिकाम्या फेऱ्या धराव्याच लागतात आणि इंधन तयार करून टाकीपर्यंत आणण्याचं उत्सर्जनही. ते मिळवलं की डिझेलचा आकडा लिटरला ३ किलोच्या पुढे जातो. तुम्ही कोणता आकडा वापरला ते लिहा, आणि एका पर्यायाला हा व दुसऱ्याला तो असं कधीही करू नका.

इलेक्ट्रिक गाडी म्हणजे शून्य उत्सर्जन असं गृहीत धरणं

भारताच्या ग्रिडमधली एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मध्यम ट्रकला किलोमीटरला एक युनिट लागली असं धरलं, तर किलोमीटरला ०.७ किलो. वरच्या उदाहरणातला डिझेल ट्रकही ०.६७ वरच आहे. डिझेल तयार करण्याचं उत्सर्जन मिळवलं की इलेक्ट्रिक ट्रक सरस ठरतो, पण जाहिरातीतल्या 'शून्या'पासून तो फार दूर आहे. शहरातल्या हवेसाठी या गाड्या हव्यातच, आणि गोडाऊनच्या छपरावरच्या सौर विजेवर चार्ज होत असतील तर गणित पूर्ण बदलतं. म्हणून गाडी कुठल्या विजेवर आणि किती वाजता चार्ज होते, हा प्रश्न प्रोजेक्टमध्ये असलाच पाहिजे.

'रस्त्याऐवजी रेल्वे' या शिफारशीचंही तसंच. देवळाली ते दानापूर ही शेतमाल नेणारी पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला निघाली. पण शेतापासून स्टेशनपर्यंतचा टेम्पो, दोन जास्तीच्या चढ-उतारी आणि तेवढा माल एका दिवशी गोळा करणं, हे मोजल्याशिवाय रेल्वेचा सल्ला अर्धाच राहतो.

एका पेपरचं उत्तर दुसऱ्या पेपरवर न तपासणं

साठा व्यवस्थापनात आपण शिकतो की माल थोडा थोडा, वारंवार मागवा. एका वेळी किती माल मागवावा हे सांगणाऱ्या, फोर्ड हॅरिसने १९१३ मध्ये मांडलेल्या ईओक्यू सूत्रात ऑर्डरचा खर्च आणि साठ्याचा खर्च यांचा तोल आहे. गाडी अर्धी रिकामी धावल्याचा धूर त्यात नाही. तोच १० टनी ट्रक ५ टन घेऊन गेला आणि लिटरला ५ किलोमीटर दिले, तर जातानाच दर टन-किलोमीटरला १०७ ग्रॅम होतात. साठा घटवल्याचं श्रेय घ्यायचं असेल तर हा आकडाही त्याच तक्त्यात दाखवा.

पॅकिंगचं उलटं होतं. बॉक्सचा पुठ्ठा पातळ केला, साहित्य वाचलं, आणि वाटेत द्राक्षं दबली. वाया गेलेल्या प्रत्येक किलोबरोबर त्याचं पाणी, खत आणि वाहतूकही वाया जाते. शीतसाखळीत डिझेलसोबत रेफ्रिजरंटची, म्हणजे थंड करणाऱ्या वायूची, गळती विचारा. आर-४०४ए या वायूचा एक किलो गळला की त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका असतो. मेंटेनन्सवाल्याकडच्या गॅस भरल्याच्या नोंदी हा इथला सगळ्यात उपयोगी कागद आहे, आणि विद्यार्थी तोच मागत नाहीत.

माणसं विसरणं

शाश्वततेत कामगार येतात हे व्याख्येत लिहिलं जातं आणि पुढे त्यांचा उल्लेखच नसतो. माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात शिकताना तरी हे होऊ नये. गाडी गेटवर किती तास उभी राहते? तोवर चालकाला सावली, पाणी, शौचालय मिळतं का? हॉल्टिंगचे पैसे ट्रान्सपोर्टरकडे थांबतात की चालकापर्यंत पोचतात? गोणी ५० किलोची का, ३० ची का नाही? हे प्रश्न वर्गमित्रांकडून भरून घेतलेल्या गूगल फॉर्ममध्ये सुटत नाहीत. 'ग्रीन लॉजिस्टिक्सबद्दल जागरूकता' या विषयावर शंभर ओळखीच्यांची उत्तरं आणि त्यावर काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय चाचणी, या साच्यातून कृपया बाहेर या. डॉकवर एक पूर्ण दिवस उभं राहून प्रत्येक गाडीची येण्याची, भरायला लागण्याची आणि निघण्याची वेळ लिहिलेली वही त्याहून कितीतरी मोलाची.

कंपनी माहिती देत नसेल तर

'कॉन्फिडेन्शियल आहे' हे उत्तर बहुतेक वेळा दराबद्दल असतं. दर मागूच नका. वजन, अंतर, डिझेल आणि वेळ मागा, कंपनीचं नाव वगळण्याची तयारी लेखी द्या.

ई-वे बिलावरून, म्हणजे जीएसटीखाली माल नेताना काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन नोंदीवरून, गाडी नंबर, तारीख आणि अंतर मिळतं, पण ते अंतर पिनकोडवरून आलेलं असतं, गाडीच्या प्रत्यक्ष धावेचं नाही. वजनासाठी बिल्टी (ट्रान्सपोर्टरची माल घेतल्याची पावती) किंवा काट्याची पावती बघा. रिकामी परतफेरी ई-वे बिलात दिसत नाही. फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये टोलनाक्याच्या वेळांवरून ती पकडता येते. महाराष्ट्रांतर्गत १ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे फक्त ई-वे बिलांवर नमुना काढला तर छोट्या खेपा, म्हणजे नेमक्या अर्ध्या भरलेल्या गाड्या, निसटतात. ताज्या कांद्याला तर ते लागतच नाही. तिथे बाजार समितीतली हिशेबपट्टी मागा: वजन त्यावर असतं, हमाली-तोलाई कापली असेल तर तीही. लासलगावला लिलाव संपल्यावर आडत्याच्या गाळ्यावर शांतपणे विचारलं, तर जुन्या पट्ट्या दाखवणारं कुणी ना कुणी भेटतं. सकाळी बोली सुरू असताना जाऊ नका.