कार कंपनीच्या रेसिंग प्रोग्राममध्ये पोट्टं पाठवाचं हाय? मग हे आधी वाचा

भाऊ, आधी एक गैरसमज डोक्यातून काढा. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरणाऱ्या फेरारी, मर्सिडीज, अल्पाइन या कार कंपन्यांचे जे ज्युनिअर ड्रायव्हर प्रोग्राम आहेत ना, ते काही ड्रायव्हिंग क्लास नाहीत की फॉर्म भरला, फी भरली अन बसवलं पोट्ट्याला गाडीत. फेरारीनं 2009 मध्ये अकॅडमी काढली, फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर शार्ल लक्लेर तिच्यात 2016 ला गेला, पण तोवर तो कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, अन फॉर्म्युला थ्रीमध्ये नाव कमावून बसला होता (फॉर्म्युला फोर, थ्री, टू या फॉर्म्युला वनच्या खालच्या पायऱ्या). पुढं फॉर्म्युला वनमध्ये गेलेल्या किमी अँटोनेलीला मर्सिडीजनं 2019 मध्ये घेतलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता, पण युरोपातल्या कार्टिंगमध्ये जिंकणारा बारा वर्षांचा. होंडाची जपानात सुझुकाला खरीखुरी शाळा आहे, युकी त्सुनोदा तिथूनच पुढं फॉर्म्युला वनपर्यंत गेला, तरी तिथंही ज्यानं आधी कार्टिंग पचवलं तोच टिकते. आपल्या शंकरपटात नाही का, तळेगाव दशासरला बैलजोडी किती सेकंदात गेली हे घड्याळावर पाहूनच माणसं जवळ येतात, घरच्या गोऱ्ह्याची तारीफ कोणी ऐकत नाही.

म्हणून काम उलटं कराचं. अकॅडमीचा पत्ता शोधत बसू नका, आधी पोट्ट्याच्या नावावर छापील निकाल जमा करा.

वयाचं गणित आधी पाहा कारण इथंच आपल्याकडचे बहुतेक गळतात. कार्टिंग आठव्या वर्षाच्या आसपास सुरू होते, फॉर्म्युला फोर पंधराव्या वर्षापासून, अन फॉर्म्युला वन चालवाचा परवाना, म्हणजे सुपर लायसन्स, साधारण अठराला, त्याच्यासाठी खालच्या शर्यतींतल्या नंबरावरून तीन वर्षांत 40 पॉइंट पाह्यजेत. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आला तर एका झटक्यात 40, फॉर्म्युला फोर जिंकली तरी फक्त 12. म्हणजे दहावी होऊ दे मग पाहू, असं म्हणाल तर युरोपवाल्या अकॅडमीची गाडी सुटली समजा. पण म्हणून सगळंच संपलं असं नाही, टुरिंग कारची, म्हणजे रस्त्यावरच्या कारसारख्या बंद गाड्यांच्या शर्यतीची, लाइन वेगळी आहे, ती खाली सांगतो.

आता सुरुवात कुठं कराची. आपल्या विदर्भात शिकासारखा ट्रॅक नाही, ते मान्य करून टाका. सोयीचं म्हणजे कोल्हापूर, काहून की गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला करत थेट कोल्हापूरला जाते, गाडी बदलाची कटकट नाही, अन तिथं मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या शर्यतीही तिथं झालेल्या आहेत. पुणं त्याच गाडीच्या वाटेवर. नेहमीच्या शर्यतींचे मोठे सर्किट मात्र दक्षिणेत, कोइम्बतूरचं कारी अन चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं, म्हणून भारतातली बहुतेक रेसिंग तिकडंच फिरते. चेन्नईला जाचं तर जीटी एक्सप्रेस आपल्याच चंद्रपूर-बल्लारशावरून जाते.

पहिल्यांदा भाड्याच्या कार्टवर बसवा, लगेच स्वतःची कार्ट घेऊ नका. पोट्टं दोन-चार खेपा गेलं की समजते तुम्हाला, घाबरते का, कंटाळते का, का उतरल्यावर टायमिंगचा कागद मागते. कागद मागणारं पोट्टं पुढं न्या. रेसिंगची टू-स्ट्रोक कार्ट ही भाड्याच्या कार्टपेक्षा अगदीच वेगळी चीज आहे, रोटॅक्स कंपनीचं 125 सीसी इंजिन, गिअर नाही, ब्रेक फक्त मागच्या अ‍ॅक्सलला अन तो डाव्या पायानं माराचा. ट्रॅक्टर-बाईकवर हात बसलेल्या पोट्ट्याला हे डाव्या पायाचं ब्रेकिंग सुरुवातीला लय जड जाते, पाय आपोआप क्लचसारखा खाली दाबल्या जाते अन कार्ट गरकन फिरते. मारू द्या गरका, बोंबलू नका.

शर्यतीत उतराचं तर एफएमएससीआयचं, म्हणजे आपल्या देशातल्या मोटरस्पोर्टच्या फेडरेशनचं लायसन्स लागते. आरटीओच्या लायसन्सशी त्याचा संबंध नाही, म्हणून लहान पोट्ट्यालाही मिळते. मेडिकल सर्टिफिकेट, रक्तगट, पालकाची सही हे सगळं तयार ठेवा अन दरवर्षी ते नव्यानं कराचं असते हे विसरू नका.

अन एक गोष्ट हात जोडून सांगतो. समृद्धीवर प्रॅक्टिस करू देऊ नका. रस्ता मोकळा दिसते, पोट्ट्यांना वाटते आपल्यासाठीच बांधला. तिथं लिमिट 120 आहे, अन अठराच्या आतल्या पोट्ट्यानं गाडी चालवताना काही घडलं तर 2019 च्या दुरुस्तीपासून पालकाला 25 हजार दंड अन तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय सरळ रस्त्यावर एक्सलेटर दाबून रेसिंगमधलं काहीच शिकल्या जात नाही, सगळा खेळ ब्रेक कधी सोडाचा याच्यावर आहे.

आता ती दुसरी, टुरिंग कारची लाइन. भारतात कार कंपन्यांनी आपापल्या एकाच मॉडेलच्या शर्यती काढल्या, फोक्सवॅगननं 2010 ला पोलो कप आणला, मग व्हेंटो, मग अ‍ॅमियो, टोयोटानं इटिऑसची काढली होती. याच्यात सगळ्यांना सारखीच गाडी असते, ती कंपनीच सांभाळते, म्हणून बापाच्या पैशापेक्षा चालवणाऱ्याचा हात जास्त दिसते. माझ्या मते खेड्यातल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोट्ट्यासाठी हाच खरा दरवाजा आहे, युरोपची स्वप्नं बाजूला ठेवा. पण हे कप दरवर्षी होतीलच असं नाही, कंपनीचं धोरण बदललं की बंद, म्हणून डिसेंबर-जानेवारीत येत्या सीझनचं कॅलेंडर पाह्यत जा. तिसरी वाट सिम्युलेटरची. निसाननं 2008 मध्ये ग्रॅन टुरिस्मो गेमवरून जीटी अकॅडमी काढली, स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ तिच्यातून थेट खऱ्या शर्यतीत गेला. तो प्रोग्राम आता नाही, पण स्टिअरिंग अन पेडल लावून केलेला सराव आजही कामी येते, मोबाईलवर अंगठे फिरवण्याला मात्र सराव म्हणू नका.

निवडणारे पाह्यतात काय? एक फास्ट लॅप, म्हणजे ट्रॅकचा एक फेरा, सगळेच मारतात बाप्पा. ते पाह्यतात दहाव्या लॅपचं टायमिंग पहिल्याच्या किती जवळ आहे, टायर घासल्यावर काय करते, पाऊस आला की किती लवकर जुळवून घेते. अन उतरल्यावर इंजिनिअरला सांगता येते का. "गाडी बराबर नाही" हे चालत नाही. वळणात शिरताना पुढचे टायर बाहेर सरकतात का निघताना मागचे, हे वळणानुसार सांगता आलं पाह्यजे. याची सवय घरूनच लावा, प्रत्येक सेशननंतर पोट्ट्याकडून एका वहीत लिहून घ्या, आधी मराठीत लिहू द्या, मग तेच इंग्रजीत बोलाची सवय करा कारण पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागं टीमा अन गाड्या थांबतात तिथं, इंग्रजीच चालते. मान अन पोटाचे व्यायाम रोजचे. उन्हाचं मात्र आपल्या पोट्ट्यांना काही सांगाचं काम नाही, बंद टुरिंग कारमध्ये चेन्नईच्या उकाड्यात जिथं बाकीचे ढेपाळतात तिथं अकोल्या-चंद्रपूरचा मे काढलेलं पोट्टं तग धरते, पाणी प्याची शिस्त असली पाह्यजे फक्त.

अर्ज कराचा तर एक पान पुरे. जन्मतारीख, उंची-वजन, कोणती शर्यत, कितवा नंबर, किती जणांतून, बेस्ट लॅप, अन ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवर कॅमेरा लावून काढलेल्या व्हिडिओची लिंक, एक आख्खी शर्यत, कापाकापी न केलेली. "लहानपणापासून गाड्यांची आवड" ही ओळ काढा. आमदार साहेबांच्या हस्ते सत्काराचा फोटो तर अजिबातच नको. पोरगी असेल तर मागं हटू नका, माया व्हायग 2021 मध्ये मुलींसाठीच्याच निवड प्रोग्राममधून फेरारीच्या अकॅडमीत गेली.

पैशाचं आता. कार्टिंगचा नीट सीझन लाखांत जाते, युरोपातली फॉर्म्युला फोर कोटींत. नारायण कार्तिकेयन 2005 ला अन करुण चांडोक 2010 ला फॉर्म्युला वनमध्ये गेले, अल्पाइनच्या अकॅडमीत गेलेला कुश मैनी बघा, तिघांच्याही घरी बाप स्वतः गाडी पळवणारा होता, म्हणजे घरात पैसा, ओळखी अन समज आधीपासून. आपल्याकडं तसं नाही, म्हणून शेत विकू नका, गहाणही टाकू नका. जिनिंगवाले, कृषी केंद्र, ट्रॅक्टरचे डीलर यांच्याकडं जा, हेल्मेटवर अन कार्टवर नाव टाकाच्या बदल्यात टायर किंवा प्रवासाचा खर्च मागा, रोख मागण्यापेक्षा ते लवकर हो म्हणतात.

अन खरंच कुठं निवड झाली तर सही कराच्या आधी तालुक्याच्या वकिलाकडून नाही, करार समजणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. फीमध्ये टायर, पेट्रोल, मेकॅनिक आहे का. अपघातात गाडी फुटली तर बिल कोणाचं, बहुतेक ठिकाणी ते ड्रायव्हरच्याच अंगावर येते अन लोकं इथंच फसतात. वर्षाच्या शेवटी कंपनी सोडू शकते का अन तुम्हालाही सोडता येते का, पुढच्या कमाईतून टक्का द्यावा लागते का, किती वर्षं. निवड झाली, रजिस्ट्रेशनचे पन्नास हजार आजच टाका असा फोन आला तर एफएमएससीआयच्या कॅलेंडरमध्ये ती शर्यत आहे का ते पाहा, नसेल तर नंबर ब्लॉक करा.