घामाळ बाटलीचं कव्हर: घरच्या घरी कसं बेतायचं आणि शिवायचं

शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात लेकीच्या दप्तरातल्या वह्या भिजून येतात. बाटली गळत नाही, झाकण घट्ट असतं, तरी वह्या ओल्या. दोन वर्षं मी तिलाच ओरडत होते की झाकण नीट लाव गं, आणि मग एकदा बाटली नुसती ओट्यावर ठेवून बघत बसले तर पाचव्या मिनिटाला बुडाशी तळं. बाटलीला घाम येतो हो, बाकी काही नाही. स्टीलची एका पत्र्याची बाटली, त्यात फ्रीजचं पाणी आणि बाहेर डोंबिवलीतली जूनची हवा, अजून काय होणार.

माझं माहेर अकोल्याचं. तिकडे मे महिन्यात 44-45 अंश म्हणजे काही विशेष नाही, आणि आमच्याकडे बाटलीला ओलं फडकं गुंडाळायची पद्धत, त्याआधी बाबांच्या काळात छागळ, म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी, सायकलच्या हँडलला अडकवायची. पाणी झिरपतं, उडतं, उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, आतलं पाणी गार. म्हणून मी इथे आल्यावर पहिल्यांदा तेच केलं, जुना मोजा ओला करून बाटलीवर चढवला, आणि पाणी उलट लवकर कोमट झालं! याचं कारण कळायला मला जरा वेळ लागला पण कव्हर बेतायच्या आधी ते कळणं फार गरजेचं आहे म्हणून सांगते.

ओलं फडकं साध्या पाण्याला गार करतं आणि तेही हवा कोरडी असेल तरच. फ्रीजचं पाणी आधीच इतकं गार असतं की ओल्या फडक्याला त्याच्या खाली जाता येतच नाही, मग ते फडकं बाहेरची गरमी आत पोचवायचं काम करतं, कारण ओलं कापड कोरड्या कापडापेक्षा उष्णता कितीतरी जास्त वाहून नेतं. आणि दमट हवेत तर पाणी फारसं उडतच नाही. म्हणजे छागळ आणि इन्सुलेशनचं कव्हर या दोन पूर्ण उलट्या गोष्टी आहेत, छागळ श्वास घेणारी हवी आणि कव्हर अजिबात श्वास न घेणारं हवं. नेटवर बघून लोक सरसकट सुती कापड आणि कापूस भरून कव्हर शिवतात ते इथेच फसतं.

आता घामाचं. हवेतली वाफ गार पत्र्यावर बसून पाणी होते तेव्हा ती जाता जाता आपली उष्णता बाटलीला देऊन जाते. एक ग्रॅम वाफ पाणी झाली तर अर्धा लिटर पाणी जवळपास एक अंशाने तापतं, एवढी ती उष्णता असते. 2013 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेल डुरान आणि डार्गन फ्रिअरसन या दोघांनी थंड कॅनवर हेच करून बघितलं होतं, कॅनवर नुसता 0.1 मिमी जाड पाण्याचा थर साठला तर आतलं पेय सुमारे 5 अंशांनी तापतं असा त्यांचा हिशोब. तुम्हाला घरी बघायचं असेल तर भरलेली गार बाटली किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवा, वजन लिहा, वीस मिनिटांनी परत बघा. वाढलेले ग्रॅम म्हणजे घाम. म्हणजे आपल्याकडे किनाऱ्यालगत कव्हरचं पहिलं काम गरमी अडवणं नाही, वाफेला पत्र्यापर्यंत पोचू न देणं हे आहे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात घामाचा फारसा प्रश्न नाही, तिथे नुसती गरमी अडवली तरी भागतं, आणि तिथे गोधडीसारखं चार पदरी सुती कव्हरही मस्त चालतं.

यावरून सामान ठरतं. भरायला सोफ्याचा स्पंजवाला फोम अजिबात घेऊ नका, तो पाणी पितो आणि आठवड्यात कुबट वास मारतो. ज्याच्यात हवेचे बंद बुडबुडे असतात तो फोम हवा. टीव्ही-फ्रीजच्या पॅकिंगमध्ये पांढरा मऊ शीट येतो ना, इपीई म्हणतात त्याला, तो उत्तम आणि फुकट. जुनी योगा मॅट पण चालते, बहुतेक मॅट बंद बुडबुड्यांच्याच असतात, शंका असेल तर तुकडा पाण्यात दाबून सोडा, बाहेर काढल्यावर जड लागला तर नको. विकतची जी मऊ रबरी कव्हरं मिळतात, ऑस्ट्रेलियात बिअरच्या बाटलीला घालतात ती, ती निओप्रीनची, पाणबुड्यांच्या सूटचंच कापड, तेही छानच पण मीटरने घ्यायला गेलं तर महाग पडतं.

अस्तराला छत्रीचं कापड. दर पावसाळ्यात घरात एक तरी मोडकी छत्री निघतेच, तिच्या एका पाकळीत मधल्या साइजच्या बाटलीचं अस्तर आरामात बसतं. बाहेरून काहीही, जुनी जीन्स, कॅनव्हास, पडद्याचं उरलेलं कापड. उन्हात फिरणार असाल तर फिका रंग घ्या, काळी जीन्स उन्हात भयंकर तापते. चांदीचा फॉइल मात्र मधे घालू नका. लोक हौसेने घालतात, पण दोन थरांमध्ये दाबून बसवलेला फॉइल काही उपयोगाचा नाही, त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तरच तो गरमी परत फेकतो.

जाडी किती? 5 मिमी. स्थिर हवेत हिशोब केला तर 5 मिमी फोमने आत येणारी उष्णता निम्म्याच्याही थोडी खाली येते आणि 10 मिमीने साधारण एक तृतीयांश राहते. म्हणजे जाडी दुप्पट केली म्हणून फायदा दुप्पट होत नाही, पण बाटली मात्र दप्तराच्या साइडच्या खिशात बसायची बंद होते. खिसा हा खरा बॉस आहे, आधी त्याचं माप घ्या!

आता बेतणं, आणि इथेच सगळ्यांचं चुकतं, माझी पहिली दोन कव्हरं चुकलीत. बाटलीचा घेर मोजला, तेवढंच बाहेरचं कापड कापलं, तेवढंच अस्तर कापलं, मधे फोम घातला आणि बाटली आत जाईचना. कारण फोमला जाडी आहे आणि बाहेरचं कापड त्या जाडीच्या पलीकडून फिरून येतं. जाडी गुणिले 2 गुणिले 3.14, एवढं बाहेरचं कापड जास्त लागतं. 5 मिमी फोमला ते 3.1 सेमी होतं. तीन सेमी म्हणजे थोडंथोडकं नाही.

माझ्या लेकीच्या बाटलीचं माप धरून सांगते, तुमचं तुम्ही घालून घ्या. घेर 23 सेमी, बुडापासून खांद्यापर्यंत उंची 20 सेमी. बाटली सहज आतबाहेर व्हावी म्हणून घेरात 1 सेमी सैल सोडायचं, 24. अस्तर: 24 अधिक दोन्ही बाजूंना शिवणीसाठी एकेक सेमी मार्जिन, झाले 26. फोम: अस्तराला बाहेरून लपेटतो तेव्हा 25.5, आणि याला मार्जिन नाही कारण आपण फोम शिवणारच नाही. बाहेरचं कापड: 24 अधिक 3.1, कापडाच्या स्वतःच्या जाडीला थोडं धरून 27.5, अधिक मार्जिन 2, म्हणजे 29.5. उंचीला फोम 20, अस्तर 26 (20, खाली मार्जिन 1, वर गळ्याला 4, वर दुमडायला 1) आणि बाहेरचं 26.5, कारण बुडाला पण फोमची चकती येणार, तिचा अर्धा सेमी.

बुडाच्या चकत्या तीन. घेराला 3.14 ने भागलं की व्यास. अस्तराची 24 भागिले 3.14 म्हणजे 7.6, मार्जिन धरून 9.6 व्यासाची कापा. बाहेरची 8.8, मार्जिन धरून 10.8. फोमची 8.6, मार्जिनशिवाय, उभा फोम तिच्यावर टेकतो. बूड टाळून नुसती नळी करू नका, खालून गरमी येतेच आणि वह्या भिजवणारं पाणी तर तिथेच साठतं. गोल काढायला आमच्याकडे वाट्या-डबे आहेतच, फक्त आधी पट्टीने व्यास मोजा, अंदाजाने नको.

फोम का शिवायचा नाही? एक तर टीप पडते तिथे तो चेपतो, आणि चेपलेल्या जागेतून गरमी सरळ आत, शिवाय प्रत्येक टाक्याचं भोक म्हणजे वाफेला दार. दुसरं म्हणजे मशीनचा पाय त्याला चिकटून बसतो आणि तुमचा रविवार जातो.

शिवताना क्रम असा ठेवा. आधी बाहेरच्या कापडाला पट्टा लावून घ्या, नंतर लावता येत नाही. अर्ध्या-पाऊण लिटरच्या बाटलीला वरच्या बाजूला चौकोनी टीप आणि मधे फुली मारलेला पट्टा पुरतो. एक लिटरची असेल तर पट्टा बुडाखालून फिरवून दोन्ही बाजूंनी वर आणा, नाहीतर सव्वा किलो वजन एका टिपेवर लोंबकळत राहतं. मग बाहेरच्या कापडाची उभी टीप मारून नळी करा आणि उलट्या बाजूने बूड जोडा. गोल बूड जोडणं अवघड वाटतं पण युक्ती सोपी आहे, चकतीला चार घड्या घालून खडूने चार खुणा करा, नळीलाही चार, खूण खुणेला लावून आधी चार टाचण्या, मग मधल्या चार, आणि नळीच्या कडेला अर्ध्या सेमीचे छोटे काप द्या म्हणजे ती वळते. मशीनवर घाबरत असाल तर आधी कच्चा टाका घाला. जीन्स असेल तर 16 नंबरची सुई लावा, जोडांवर जाड होतं तिथे चाक हाताने फिरवा. कापडाला इस्त्री करायची ती आत्ताच करून घ्या, इपीई फोम एकदा आत गेला की इस्त्री बंद, वितळतो तो.

अस्तराचंही तसंच, नळी आणि बूड. छत्रीचं कापड निसरडं असतं, टाचण्यांची भोकंही राहतात, म्हणून टाचण्या मार्जिनमध्येच लावा किंवा कागदाच्या क्लिपा वापरा.

आता भरायचं. बाहेरची पिशवी सुलट करा, तळाला फोमची चकती टाका, फोमची नळी करून कडा एकमेकींवर न चढवता नुसत्या भिडवून सेलोटेप लावा आणि ती आत सरकवा. मग अस्तराची पिशवी, तिच्या शिवणी फोमकडे राहतील अशी, आत घाला. बाटली आत ठेवून बघा. या टप्प्यावर घट्ट वाटलं तर अजून काही बिघडलेलं नाही, फोम थोडा कापता येतो.

वरच्या दोन्ही कडा एकेक सेमी आत, एकमेकींकडे दुमडा. बाहेरचं कापड साडेतीन सेमी जास्त आहे ते चार छोट्या चुण्यांमध्ये मुरवा, इलॅस्टिक आल्यावर त्या दिसतही नाहीत. अगदी कडेला एक टीप, दीड सेमी खाली दुसरी, झाला नेफा. वरच्या टिपेत दोन सेमी जागा सोडा, सेफ्टी पिनने 18 सेमी इलॅस्टिक ओवा, टोकं जोडा, जागा बंद करा. मग तिसरी टीप फोमच्या बरोब्बर वर, म्हणजे फोम वर सरकत नाही. हा गळा शोभेचा नाही, बाटलीच्या मानेला तो आवळून बसला नाही तर वरून दमट हवा कव्हरच्या आत शिरते आणि बाटलीला आतल्या आत घाम येतो, मग तुम्हाला वाटणार कव्हर गळतंय.

खरं सांगायचं तर ऐन जुलैत एकदम फ्रीजचं पाणी भरलं की 5 मिमीचं कव्हरही बाहेरून जरा ओलसर लागतं. टपकत नाही एवढंच. लेकीला मी पाणी भरून बाटली दहा मिनिटं बाहेर ठेवायला लावते, वरून पुसते आणि मग कव्हर घालते.

व्हॅक्यूमवाली दुपदरी बाटली असेल तर हे काही करू नका, तिच्या दोन पत्र्यांमध्ये हवाच नसते, आपला फोम तिच्यापुढे काय करणार. पोचे पडू नयेत म्हणून नुसतं कापडाचं कव्हर शिवा हवं तर. आणि ज्यांना शिवणकाम येतच नाही त्यांनी योगा मॅट घेराला तीन सेमी जादा कापून वेल्क्रो लावा, बुडाला चकती फेविबॉन्डने चिकटवा, अर्ध्या तासात होतं, दिसायला बरं नाही पण काम करतं.

धुताना मशीनमध्ये टाकू नका, पिळूही नका. साबणाच्या पाण्यात बुडवून ब्रशने घासा, अस्तर जमेल तेवढं बाहेर ओढा आणि तोंड खाली करून दोरीवर टांगा. पावसात वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून दोन शिवा. मी तीन शिवली, तिसरं अकोल्याला आईला पाठवलं. तिने दोन दिवस वापरलं आणि फोन केला, "कव्हर मस्त हाये, पण ओलं केलं तर पाणी गारच होत नाही."

तिच्यासाठी आता छागळीचा कॅनव्हास शोधतेय.