ठाण्याहून स्पेनच्या व्हिया वेर्देवर सायकल नेताना

दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातली व्हिया वेर्दे (म्हणजे ‘हिरवी वाट’) दे ला सिएर्रा ही ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो अशी 36 किलोमीटरची सायकलची आणि पायी चालायची वाट. रेल्वेसाठी आखलेली, पण तिच्यावर गाडी कधी धावलीच नाही. म्हणूनच चढ सौम्य, मोटारी नाहीत, आणि बोगदे तब्बल 30! ओल्वेराहून निघा, कारण ते गाव उंचावर आहे.

विमानप्रवासासाठी सायकल घरीच खोक्यात भरा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवूनच सुटतं. जोर लावूनही हलत नसेल तर बहुधा दिशाच चुकलेली असते. मागचा डिरेल्युअर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) 5 मिमीच्या ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) सोडवून फडक्यात गुंडाळा आणि चौकटीच्या आत बांधा. तो तसाच ठेवला तर सामानाच्या धक्क्याने हँगर (डिरेल्युअर ज्यावर बसतो तो धातूचा छोटा तुकडा) वाकतो आणि गिअर नीट पडत नाहीत. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो; खेड्यात मिळेल या भरवशावर राहू नका, जादा एक इथूनच न्या.

टायर 35 ते 40 मिमी रुंदीचे घ्या. बोगद्यातल्या दिव्यांवर विसंबू नका, स्वतःचा पुढचा-मागचा दिवा हवाच. तोंडाशी वेग कमी करून गॉगल काढा. भर उन्हातून आत शिरताना काही क्षण काहीच दिसत नाही.

सरावाला ठाण्यातला येऊरचा डोंगर पहाटे पुरेसा. मात्र येऊरला घाम निथळतो, तिथल्या कोरड्या हवेत तो लगेच सुकतो आणि तहान लागल्याचं कळत नाही. दोन लिटर पाणी ठेवा, दर पंधरा मिनिटांनी घोट घ्या. जुलै-ऑगस्ट टाळा, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम. झाफ्रामागोनच्या कड्यापाशी गिधाडं घिरट्या घालतात, तिथे थांबाच.