अरेका पामची करपलेली टोकं

खाडीकाठच्या आमच्या घरात, हॉलमधल्या अरेका पामची पानं टोकाकडून तपकिरी व्हायला लागली. शेजारी म्हणाले, पाणी कमी पडतंय. पण माती बोटाला ओलीच लागत होती, पानांमागे लाल कोळी ही रस शोषणारी कीडही नव्हती. कुंडीच्या कडेला मात्र पांढरा खरखरीत थर धरलेला. क्षार! उन्हाळ्यात विहीर मचूळ होते, त्यात खताची भर.

पाऊस लागल्यावर पागोळ्यांखाली पिंप लावलं. क्षार धुऊन जावेत म्हणून ते पाणी कुंडीत, तळाच्या भोकातून वाहेपर्यंत सावकाश ओतलं, निथळू दिलं, पुन्हा ओतलं. खत बंद. करपलेलं टोक परत हिरवं होत नाही, कात्रीने तिरपं छाटावं. नवा कोंब स्वच्छ निघाला. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा दिसला, तर मात्र संशय मॅग्नेशियमच्या कमतरतेचा. तिथे एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट.