जुन्या लुई व्हिटॉन बॅगेचं वय कसं काढावं

कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या साडीत गुंडाळलेली एखादी लुई व्हिटॉन सापडते. कधी ती परदेशी राहिलेल्या मावशीची असते, कधी अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात हाती लागलेली. सापडली की सगळे पहिलं काम एकच करतात: आत हात घालून नंबर शोधतात. मी सांगेन, ते सगळ्यात शेवटी करा. नंबर आधी वाचला की उरलेली बॅग आपण त्याच्याच चष्म्यातून बघतो. आणि नकली माल करणाऱ्यालाही नंबर छापणं काही अवघड नाही.

बॅग खिडकीपाशी न्या आणि भिंग जवळ ठेवा. सुरुवात कापडापासून करा. तपकिरी मोनोग्राम, म्हणजे एल-व्ही अक्षरांची आणि फुलांची नक्षी असलेलं कापड, हे चामडं नव्हे, लेप दिलेला कॅनव्हास आहे. ही नक्षी १८९६ची, पण आज आपण पाहतो तो मऊ, लवचीक कॅनव्हास १९५९मध्ये आला. म्हणून कुणी मऊ कॅनव्हासची स्पीडी (लुई व्हिटॉनची एक प्रसिद्ध हातबॅग) ‘१९३०ची’ म्हणून दाखवली, तर ते साल मॉडेलच्या जन्माचं आहे, समोरच्या बॅगेचं नाही. रेघारेघांचं एपी चामडं तर १९८५च्या आधी नव्हतंच. स्पीडीच्या एका बाजूची अक्षरं उलटी दिसली तर दचकू नका. तळाला जोड न देता सलग तुकड्यातून ती शिवतात, त्यामुळे एक बाजू उलटी येणारच.

मग बंद (म्हणजे धरायचे पट्टे) आणि कडा बघा. हे चामडं न रंगवलेलं असतं. नवं असताना सायीच्या रंगाचं, पुढे ऊन आणि हाताचा घाम खाऊन मधासारखं, आणि फारच वापरलं तर काकवीसारखं होतं. या रंगावरून साल सांगणारा मात्र थापा मारतो. रोज लोकलमध्ये खांद्यावर लटकलेली बॅग लवकर काळवंडते, पेटीत राहिलेली तीस वर्षांनीही गोरी असू शकते. बघायचं ते एवढंच, की सगळ्या भागांचा रंग एकमेकांशी जुळतो का. बंद कोरे आणि तळाच्या कडा काकवी, म्हणजे बंद नंतर बदललेले. त्यांच्यावरून वय काढू नका.

आत हात घातल्यावर कप्पा चिकट लागला, अस्तराची सालं निघाली, तर आपल्याकडे लोक लगेच ‘डुप्लिकेट’ म्हणतात. खरं तर काही जुन्या मॉडेलांच्या आतल्या कप्प्याचा लेप दमट हवेत असाच सुटतो. कोकणात किंवा मुंबईत काही पावसाळे काढलेल्या बॅगेची ही नेहमीची खूण आहे.

चेनच्या पुलरवरचं नावही वाचा. जुन्या बॅगांवर ‘एक्लेअर’ किंवा ‘टॅलॉन’ सापडतं. ‘टॅलॉन’ असेल तर आतला ठसा नीट पाहा. १९७०-८०च्या दशकांत ‘द फ्रेंच कंपनी’ नावाच्या अमेरिकी कंपनीला या बॅगा बनवायचा परवाना होता आणि तसा उल्लेख आत असतो. या बॅगा अस्सल आहेत, पण त्यांत तारखेचा कोड, म्हणजे सुरुवातीला म्हटलेला तो नंबर, मिळत नाही म्हणून लोक त्या नाकारतात.

आता कोड. तो आतल्या कप्प्याच्या तोंडाशी, शिवणीत दडलेल्या चामड्याच्या छोट्या जिभेवर किंवा थेट अस्तरावर असतो. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, पुसट ठसा उठून दिसतो. कोड सुरू झाले ते १९८०च्या दशकाच्या आरंभी, त्यामुळे त्याआधीच्या बॅगेत तो नसणं स्वाभाविक आहे. सुरुवातीला नुसते तीन-चार आकडे: ८३६ म्हणजे १९८३चा जून. पुढे आकड्यांमागे कारखान्याची अक्षरं आली: ८६११ व्ही-आय म्हणजे नोव्हेंबर १९८६.

१९९०पासून अक्षरं पुढे गेली आणि आकड्यांची गुंफण झाली. पहिला आणि तिसरा आकडा महिन्याचा, दुसरा आणि चौथा सालाचा. एम-आय ०९२६ म्हणजे फेब्रुवारी १९९६. २००७पासून पहिला-तिसरा आकडा महिना न राहता आठवडा झाला: ४१२८ म्हणजे २०१८चा बेचाळिसावा आठवडा. इथेच बरीच नकली बॅग पकडली जाते. कोड ३०४२ असेल, तर २००२चा चौतिसावा महिना कुठून आणायचा? कारखान्याची अक्षरंही ठशाशी ताडून बघा. सी-ए हे स्पेनचं, त्याच्या जोडीला ‘मेड इन फ्रान्स’ असेल तर काहीतरी बिनसलं आहे. मार्च २०२१पासून कोडऐवजी आत चिप बसवतात. आणि हा कोड म्हणजे अनुक्रमांक नव्हे. एकाच आठवड्यात, एकाच कारखान्यात शिवलेल्या अनेक बॅगांवर तो सारखाच असतो.

बॅगा बनवणाऱ्या दुसऱ्या घराण्यांचे हिशेब वेगळे. फ्रान्सचं एर्मेस सालासाठी एक अक्षर ठोकतं: १९४५ला ए, १९७०ला झेड, मग १९७१पासून तीच मुळाक्षरं वर्तुळात, १९९७पासून चौकोनात. वर्तुळातला एन म्हणजे १९८४. २०१५पासून मात्र चौकोन गेला आणि अक्षरांचा क्रमही उरला नाही.

न्यूयॉर्कच्या कोच कंपनीच्या बॅगांमध्ये फसगत जास्त होते. आतल्या चामड्याच्या तुकड्यावर मजकुराखाली नंबर असतो. १९९४पासून त्यात पहिलं अक्षर महिन्याचं, पुढे साल, मग कारखान्याचं अक्षर आणि रेघेनंतर मॉडेल. त्याआधीचा नंबर फक्त त्या एका बॅगेचा, त्यात ना साल ना मॉडेल. तरी लोक त्याचे दोन आकडे उचलून ‘८५ची आहे’ म्हणून मोकळे होतात. तसा नंबर दिसला तर तो सोडून द्या आणि पितळी बक्कल, शिवण आणि ठशातल्या देशाच्या नावाकडे वळा.