मुलाचा सीआरपी रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

दिवाळी झाली, इंदूरला थंडी पडली की माझ्या क्लिनिकमध्ये रोज तेच. मूल आईच्या कडेवर खोकतंय आणि माझ्यापुढे आधी मोबाईल येतो, "डॉक्टर, सीआरपी वाढलाय, अँटिबायोटिक लिहून द्या." अहो, आधी त्याला बघू तर द्या. सीआरपी म्हणजे शरीरात सूज किंवा संसर्ग झाला की रक्तात वाढणारं एक प्रोटीन.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे युनिट न बघता आकडे ताडून बघणं. मागच्या हिवाळ्यात सुदामा नगरचे एक आजोबा तीन वर्षांच्या नातवाला घेऊन आले, चेहरा पार उतरलेला. पोराला न्यूमोनिया, औषध दोन दिवस चालू होतं, पहिल्या लॅबचा सीआरपी 4.8 आणि दुसऱ्या लॅबचा 31. घरात रडारड झाली, कुणीतरी मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिक बदलूनही टाकलं. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर पहिला मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, दुसरा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, म्हणजे दुसऱ्याच्या युनिटमध्ये पहिला खरा 48. तो 31 वर उतरला होता, औषध लागू पडत होतं, आणि तेच बंद केलं! मी जुनंच औषध परत सुरू केलं. तेव्हापासून मी आकडा वाचायच्या आधी युनिटला पेनाने गोल करते आणि दुसरी टेस्ट त्याच लॅबमध्ये करायला सांगते.

दुसरी चूक घाईची. संध्याकाळी ताप आला, रात्री रक्त दिलं, सीआरपी नॉर्मल, म्हणून सगळे निश्चिंत. सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतो, तो वाढायला सहा-आठ तास लागतात आणि टोकाला पोचायला दीड-दोन दिवस, त्यामुळे दोन तासांच्या तापातल्या नॉर्मल रिपोर्टला मी काडीची किंमत देत नाही. ताप कधी सुरू झाला ती वेळ कागदावर लिहून आणा, मला रिपोर्टइतकीच ती लागते. प्रोकॅल्सिटोनिन (संसर्ग ओळखायची दुसरी रक्ततपासणी) लवकर वाढतं हे खरं, पण ते महाग आहे, आणि नवजात बाळात पहिले दोन दिवस ते आपोआपच वाढलेलं असतं, तिथे मोठ्या मुलांचे आकडे लावू नका.

वाढला म्हणजे बॅक्टेरियाच, हेही चूक. अ‍ॅडेनोव्हायरसमध्ये सीआरपी चांगलाच चढतो, पांढऱ्या पेशीसुद्धा. 20 पेक्षा कमी असेल तर बहुतेक व्हायरल, 80 च्या वर गेला तर मला बॅक्टेरियाचा संशय येतो (दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये), आणि मधल्या आकड्यांवर मी एकटा सीआरपी धरून काहीच ठरवत नाही.

स्टेरॉइड दिल्यावर पांढऱ्या पेशी वाढतात, ते दिलं असेल तर सांगा.

सर्दी-खोकल्यात विडाल टेस्ट (टायफॉइडची) करू नका.

ब्लड कल्चर (रक्तातले बॅक्टेरिया लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) पाठवायचं असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी.

मागच्या वेळचं उरलेलं सिरप फ्रिजमधून काढून चालू करणाऱ्यांवर मी खरंच चिडते, कारण दोन दिवस ते पाजून मग टेस्ट केली की अर्धवट दबलेल्या आजारातून मलाही काही कळत नाही.

आणि श्वास मोजा, याला पैसे लागत नाहीत. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जात असेल, दूध-पाणी घेत नसेल, तर लॅबच्या रांगेत उभं राहू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, रक्त तिथे घेतील.