पोट्ट्यांची भाषा कशी समजून घ्यावी

घरातलं पोट्टं मित्राशी फोनवर बोलतं आणि अर्धं आपल्या डोक्यावरून जातं. लगेच अर्थ विचारू नका. आधी दोन-चार दिवस नुसतं ऐका. सुटा शब्द धरू नका, कोण कोणाला आणि हसत म्हणालं की चिडून, ते पाहा. 'काय बे भैताड' (काय रे येड्या) हे नागपूरच्या धरमपेठेतल्या चहाटपरीवर दोन जिवलगांमध्ये लाडाचं असतं. अनोळखी माणसाला म्हटलं तर भांडण ठरलेलं.

मग शब्द आला कुठून ते बघा. 'बे', 'भैताड' आपलेच, नागपुरी. 'सीन' (भानगड, प्रकार), 'कल्टी मारणे' (सटकणे) हिंदीतून आणि मुंबईकडून आले. 'विषय हार्ड' (एकदम भारी) पश्चिम महाराष्ट्रातून रील्सवर चढून आला. राहिले इंटरनेटचे, आणि खरी अडचण तिथंच आहे. 'रिझ' म्हणजे बोलण्या-वागण्यातून समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी. ऑक्सफर्डनं 2023 चा शब्द म्हणून तो निवडला होता. 'नो कॅप' म्हणजे खोटं नाही, शप्पथ. हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतला. 'डेलुलू' म्हणजे मनातले मांडे खाणारा. तो कोरियन पॉपच्या चाहत्यांनी रुजवला. 'घोस्ट केलं' म्हणजे काही न सांगता उत्तर देणंच बंद केलं. 'सिक्स-सेव्हन'चा अर्थ मात्र शोधत बसू नका. त्याला धड अर्थच नाही, तरी डिक्शनरी डॉट कॉमनं 2025 चा शब्द म्हणून तोच निवडला. काही शब्द फक्त 'आपण एका गटातले' एवढंच सांगतात.

चॅटमध्ये कवटीचं चिन्ह दिसलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा ते 'हसून हसून मेलो' असं असतं.

आता विचारा, पण मित्रांसमोर नाही. तर्री पोहे खाताना दोघंच असाल तेव्हा, एका वेळी एकच शब्द. 'अर्थ काय' याऐवजी 'हे कोणाला म्हणत नाहीत?' असं विचारा. या प्रश्नाला मुलं भरभरून उत्तर देतात, मला हाच सगळ्यात उपयोगी वाटतो. कळलेला शब्द स्वतः वापरायची घाई मात्र नको. त्यांना अवघडल्यासारखं होतं आणि पुढचं सांगणं बंद होतं.

जात, धर्म, रंग किंवा शरीरावरून कोणाला टोचणारा शब्द ऐकलात तर गप्प बसू नका. पोट्ट्याला तिथंच थांबवा आणि समोरच्याला तो का लागतो ते शांतपणे सांगा.